दुसरा ब्रेक

आमचे हे ड्रायव्हिंग शिकवतात. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, आणि चिडले की मीही. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मध्यंतरी एका शिकाऊ मुलीने लाल सिग्नल पाहिलाच नाही आणि बाजूने टँकर आला. मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी टँकरपासून हातभर अंतरावर थांबली, कुणाला खरचटलंही नाही.

टँकर निघून गेला, पण मास्तरांच्या पायातून काही गेला नाही. तेव्हापासून शिकणाऱ्याच्या मनात यायच्या आत हे ब्रेक दाबून मोकळे. घरी कुकरची शिट्टी झाली तरी यांचा उजवा पाय टेबलाखाली फरशी दाबायचा. मी आधी हसले. मग तीच मुलगी परीक्षेत नापास झाली. थांबायच्या रेषेवरून सरळ पुढे गेली म्हणे. गाडी आपोआप थांबते अशी तिला सवयच झाली होती. मालकाने यांना सांगून टाकलं, असा अजून एक नापास झाला तर शिकवणं बंद, ऑफिसात बसा. निम्म्या गावाला गाडी शिकवलेला माणूस जेवताना मान वर करेना.

मी लग्नाआधी गाडी यांच्याकडेच शिकले होते, मग सोडली ती सोडली. रविवारी हट्ट धरला, परत शिकवा. शिकवायची गाडी घेऊन बंद कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात गेलो. जरा वेग घेतला की यांचा ब्रेक. शेवटी माझं डोकं फिरलं.

“अहो, पाय वर घ्या. मांडी घाला.”

वेड लागलंय का, असं त्यांनी विचारलं. पण चपला काढून घातली मांडी.

मी गाडी समोरच्या भिंतीकडे नेली. कुठे थांबायचं ते ठरवलं होतं, भिंत काही चालून येणार नव्हती. तरी तोंडाला कोरड पडली, छातीची धडधड कानात ऐकू यायला लागली. ठरवलेली जागा अजून पुढे होती. माझ्या पायाने मला न विचारताच ब्रेक दाबला.

मास्तर घामाघूम झाले होते. दोन्ही हातांनी गुडघे गच्च धरून बसले होते.

“मी दाबला नाही,” ते म्हणाले.

“मीही नाही. पायानेच दाबला,” मी म्हणाले. “तुमचा पाय भित्रा नाही हो, अगाऊ आहे. शेजारच्यालाही पाय असतो, त्याला जरा वेळ द्या.”

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, परत ने. पेट्रोल संपत आलं तोवर आम्ही त्या भिंतीकडे जात होतो. मांडी अधूनमधून सुटायची, ते मुकाट्याने परत घालायचे.

सोमवारी नवा शिकाऊ आमच्या घराखालीच आला. मी खिडकीत उभी होते. गाडी आचके देत निघाली आणि फाटकापाशी सायकलवाला आडवा आला. मला वरून दिसलं, मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. गाडी थांबली. उशिरा, डुलत, पण शिकाऊनेच थांबवली.

मी श्वास सोडला. खाली पाहिलं, तर माझा उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला होता.