शिकाऊचं टेबल

मला चिडायची हौस नाही, पण माणसं वागतातच तशी, त्याला मी काय करू? त्या दिवशी मात्र चिडायला दुसरं कुणी सापडेना. चूक माझी होती. शंभर टक्के माझी.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा करतो, मेणात एकेक दात लावतो आणि चावता येईल असं काहीतरी घडवून परत पाठवतो. बावीस वर्षं हेच. शिक्षणाचा कागद म्हणाल तर माझ्याकडे एक चिटोरं नाही. पण माझ्या हातची कवळी दुरुस्तीला परत आली, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू दे.

माझी मुलगी मुंगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि रांगायला लागल्यापासून काही ना काही ओढत असायची, म्हणून मुंगी. शाळा संपली तेव्हा विद्यापीठाची दोन पत्रं आली, दोन्ही आमच्याच कामाच्या शिक्षणाची. एक पूर्णवेळ, चार वर्षं नुसतं शिकायचं. दुसरा जोड अभ्यासक्रम, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस विद्यापीठात आणि तीन दिवस एखाद्या लॅबमध्ये काम. मुंगी दोन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसली. मी ओट्याशी भाजी चिरत होते.

"आई, पूर्णवेळमध्ये सगळं मुळापासून शिकवतात," ती म्हणाली.

"फळ्यावर दाढ काढायला शिकवतील. बसवायला कोण शिकवणार? त्यांचे काका?"

"जोडमध्ये एक अट आहे. काम सुटलं तर तीस दिवसांत दुसरीकडे मिळवायचं. नाही मिळालं तर प्रवेशच रद्द."

"तुझं काम कशाला सुटतंय? हात बघ तुझे. काहीतरीच आपलं!"

तिने आणखी दोन-तीन मुद्दे काढले, मी ते सुरीच्या एकेका फटक्यासरशी उडवले. शेवटी तिने जोडचा फॉर्म भरला. मला वाटलं, पोरीला पटलं. पटलं नव्हतं, ती माझ्यापुढे थकली होती. हे मला कळायला वर्ष लागलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या लॅबने तिला शिकाऊ म्हणून घेतलं. आमच्याच लॅबमध्ये ठेवायचं मी तेव्हा मनातही आणलं नाही. आईच्या वशिल्याने आली असं कुणी म्हणायला नको होतं मला. तिकडे सहा महिने तिने कवळ्या पाठवायचे डबे भरले आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मेणाला हात लावू दिला नाही. ती घरी येऊन सांगायची, मी म्हणायचे, दम धर, सुरुवातीला असंच असतं. मग एका सकाळी त्यांनी तिन्ही शिकाऊंना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

एकोणतीस दिवसांत आम्ही मायलेकींनी शहरातली एक लॅब सोडली नाही. कुणी म्हणालं पुढच्या वर्षी बघू, कुणी म्हणालं आमच्याकडे पदवीवाला मार्गदर्शकच नाही. एकाने तर दार अर्धं उघडून तसंच लावलं. मी त्या दाराला काय काय ऐकवलं ते इथे सांगत नाही. मुंगी रात्री जेवायची नाही आणि मला दोषही द्यायची नाही. दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

तिसाव्या दिवशी सकाळी अभिमान गुंडाळून ठेवला आणि आमच्या मालकांच्या खोलीत गेले. विद्यापीठाची खिडकी पाचला बंद होणार होती.

मालकांनी फॉर्म नीट वाचला. माणूस वाईट नाही. "ताई, मुलगी मला चालेल. पण हे बघा, शिकाऊला स्वतःचं टेबल हवं, धूळ ओढणाऱ्या नळीसकट. विद्यापीठाचे लोक येऊन तपासतात. आपल्याकडे टेबलं सहा, माणसं सहा."

"सातवं टाका ना."

"नळी जोडून घ्यायला महिना जाईल. तुम्हाला आज पाहिजे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सांगा, कुणाला उठवू?"

मी काचेतून बाहेर बघितलं. पाच माना टेबलांवर वाकलेल्या होत्या आणि सहावं टेबल रिकामं होतं, माझं.

"मला उठवा," मी म्हटलं.

ते नको म्हणतील म्हणून मी थांबले. खरंच थांबले. ते म्हणाले, "विचार करून सांगताय ना?" आणि खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. कामं तशीही कमी झाली होती, मला माहीत होतं. मी राजीनामा लिहिला. अक्षर इतकं घाणेरडं आलं की माझं मलाच वाचवेना.

राहिली मार्गदर्शकाची सही. आमच्यात पदवी एकालाच होती, गेल्या वर्षी आलेल्या पोराला. सगळे त्याला तोंडावर पदवीधर म्हणायचे. मी तर सर्वांसमोर म्हटलं होतं, की याने लावलेल्या वरच्या आणि खालच्या दाढांचं आपसांत बोलणं बंद आहे. रोज दुपारी तो आपलं काम गुपचूप माझ्या टेबलावर आणायचा आणि मी शिव्या घालत सरळ करून द्यायचे. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याला अहो-जाहो केलं.

"अहो, एवढी सही करा. तुमच्या पाया पडते."

"मावशी, असं काय बोलता!" त्याने पेन काढलं आणि सहीच्या वरचं वाक्य हळू वाचलं. "विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम शिकवण्यास मी सक्षम आहे." पेन तिथेच थांबलं. "मावशी, मला कुठे येतंय अजून? तुम्ही आहात म्हणून माझं निभतंय. तुम्ही गेल्यावर मी तिला काय दाखवू?"

"जेवढं येतंय तेवढं दाखव. सही कर, बाबा."

त्याने केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मेल्याचा मला इतका राग आला की सांगता सोय नाही. बावीस वर्षं ज्याला काम म्हणतात ते माझ्या हातात होतं आणि सही त्याची चालत होती.

मुंगी विद्यापीठाच्या खिडकीपाशी उभी होती. पाचला वीस मिनिटं असताना खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारला. पोरीने मला तिथेच घट्ट मिठी मारली, रांगेतली माणसं बघत राहिली.

"तुझ्याच लॅबमध्ये! आई, आधीच का नाही गं असं केलं?" ती पायऱ्या उतरता उतरता बोलत सुटली. महिनाभरात इतकी बोलली नव्हती. "टेबल कुठलं दिलंय मला? तुझ्या शेजारचं?"

खोटं बोलायचं ठरवून आले होते. नाही जमलं. "माझंच दिलंय," मी म्हटलं. "मी आजपासून सोडलं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती वळली आणि दोन-दोन पायऱ्या चढत परत खिडकीकडे धावली. मी मागून पोचले तेव्हा बाई म्हणत होत्या, "शिक्का बसला, बाळ. आता मागे घेतलंस तर प्रवेशच जाईल."

मुंगी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. मला कळेना काय करावं, मग मला जे येतं तेच मी केलं. आवाज चढवला.

"रडायचं नाही. ऊठ. उद्या सकाळी आठला हजर राहायचं. एक मिनिट उशीर झाला तर तंगडं मोडीन."

तिने नाक पुसलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आणि तू?" तिने विचारलं. "आठला तू कुठे जाशील?"

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.