निजायच्या खोलीमागची भिंत

शेगडी चुकली तर ती काही तुम्हाला सांभाळून घेत नाही. बायको घेते. म्हणून आमच्या खोऱ्यात माणूस बायकोपेक्षा घर तापवायची शेगडी निवडताना जास्त वेळ लावतो, असं माझा बाप म्हणायचा. जानेवारीत पारा उणे पस्तिसाला टेकतो. तेव्हा कळतं कोण शहाणा होता ते.

मी एम्ब्रिक. जन्म लाकूडतोडीत गेला. गेल्या वसंतात शेत आणि मोठं घर पोराच्या, स्युरच्या नावावर करून दिलं. एकदा तसं केलं, की म्हाताऱ्यांनी अंगणापलीकडच्या धाकट्या घरात जायचं आणि पोरानं त्यांना मरेपर्यंत निवारा नि जळण द्यायचं. आमच्याकडे हे कागदावर लिहून घेतात. मीही घेतलं. लाकूड बर्चचंच, दोन उन्हाळे सुकलेलं, फोडून दाराशी रचलेलं, सगळं बारीक लिहिलं. शेगडी कुठं बसणार ते मात्र लिहिलं नाही. पोराशी तोंडी बोललो होतो, आणि बसवणारा माझा तार्येय होता. लिहायचं काय त्यात?

तार्येय म्हणजे आमच्या भागातला शेगड्या बसवणारा गवंडी. आम्ही एका बाकावरची, मिळून शाळा चुकवलेली माणसं. शेगडी घ्यायला तिघं मिळून तालुक्याला गेलो तर स्युर मोठ्या काचेच्या दाराच्या शेगडीपुढून हलेना.

"बाबा, ही घेऊ. आग कशी दिसते बघा."

"आग बघायला मी काय मांजर आहे?" मी म्हणालो. "धाकट्या घराला धाकटी शेगडी. एवढी मोठी घेतली तर हवा कोंडून मंद जाळावी लागेल, आणि धुराडं काजळीनं भरेल. काय रे तार्येय?"

"बरोबर आहे," तार्येय म्हणाला. मग आम्ही बिडाची उभी, अरुंद शेगडी ठरवली.

जागाही ठरवली. घराच्या मधोमध विटांचं जुनं धुराडं आहे, त्याच्या पलीकडे निजायची खोली. त्या भिंतीला शेगडी लावली की विटा रात्रभर ऊब धरतात आणि आमच्या उशाशी सोडतात. गुडवेगला, माझ्या म्हातारीला, आदल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा झाला तर धडगत नाही. मी गुडघे टेकून जमिनीवर खडूनं चौकोन काढला.

"इथून तसूभर हलवायची नाही."

"चाळीस वर्षं हेच करतोय," तार्येय म्हणाला. "तू मला शिकवतोस होय, लेका?"

सप्टेंबरात आम्ही नऊ दिवस गुडवेगच्या बहिणीकडे गेलो. परत येऊन बघतो तर तळ्याकडच्या खिडकीशी ती मोठी काचेची शेगडी! भिंतीला भोक पाडून पत्र्याचा पाईप बाहेर काढलेला. आणि जुन्या धुराड्याचं तोंड लिंपून टाकलेलं, वर पांढरा रंग.

"इथं कशी छान दिसते," स्युर म्हणाला. "आग दिसते, तळंही दिसतं."

मी तार्येयकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. "हल्ली सगळे अशीच बसवतात," म्हणाला.

गुडवेगनं मला कोपर मारलं. "अहो, पोरानं हौसेनं केलंय. गप्प बसा."

बसलो गप्प. ऑक्टोबरात मूस हरणांच्या शिकारीची यादी आली. पाणथळीजवळची नेम धरून उभं राहायची जागा तीस वर्षं माझी. शिकारीचा हक्क शेताबरोबर जातो, म्हणजे आता जागा वाटणार स्युर. यादीत माझ्या जागेवर तार्येयचं नाव. मला वाटलं, माझी नजर अधू झाली म्हणून असेल. माणूस आपल्या माणसाला किती पळवाटा काढून देतो बघा.

नोव्हेंबरात थंडी खरी उतरली. पुढच्या खोलीत घाम फुटायचा आणि निजायच्या खोलीत भिंतीतल्या खिळ्यांच्या डोक्यांवर आतून बर्फ. गुडवेग पुन्हा खोकायला लागली. स्युर आला, दारातच उभा राहिला.

"आईला सोसवत नसेल तर गावातल्या वृद्धाश्रमात दोघांसाठी खोली आहे. मी विचारून ठेवलंय."

"कधी विचारलंस?"

"ऑगस्टमध्ये."

बोलून गेला आणि मग जीभ चावली त्यानं. ऑगस्टात खोकला नव्हता. थंडीही नव्हती. शेगडीसुद्धा नव्हती.

मी तडक तार्येयकडे गेलो. तो कॉफी ओतायला उठला.

"कॉफी राहू दे. तुला माहीत होतं?"

तो किटली हातात धरून उभा. "त्याला ते घर बर्फात स्की खेळायला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचंय, एम्ब्रिक. कागद आहे तोवर तुम्हाला काढता येत नाही. म्हणाला, म्हातारी माणसं आहेत, थंडीनं आपणहून जातील."

"आणि तू भिंत फोडलीस."

"त्यानं मला पाणथळीची जागा दिली."

"हरणासाठी?"

"तीस वर्षं मी त्या ओसाड टेकाडावर उभा राहिलो, तू पाणथळीत हरणं मारत होतास," तो म्हणाला. "उद्या येतो. शेगडी ठरली होती तिथं लावून देतो."

मला तिची गरज होती, खोटं कशाला बोलू. पण तोंडातून निघालं, "तुझ्या हातानं लावलेल्या विस्तवाशेजारी मला आता झोप लागायची नाही."

घरी येऊन गुडवेगला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "पलंगाचं ते टोक धरा."

दोघांनी धापा टाकत पलंग पुढच्या खोलीत ओढला, तळ्याकडच्या खिडकीत, शेगडीला अगदी खेटून. कपाट आणलं, तिची लोकरीची टोपली आणली, माझी औषधांची पिशवी खिडकीशेजारी खिळ्याला टांगली. पाहुण्यांच्या सोफ्याला टीचभर जागा उरली नाही.

चौथ्या दिवशी स्युरनं दार उघडलं.

"हे काय? रविवारी लोक घर बघायला येणार आहेत."

गुडवेग पांघरुणातून उठलीसुद्धा नाही. "येऊ देत की. त्यांना सांग, आई झोपलीय, हळू बोला."

तो उंबऱ्यावर उभा. मला वाटलं, आता येईल आत, बसेल पलंगाच्या कडेवर. पायाजवळचं पांघरूण मी जरा बाजूला सारलंसुद्धा. दार मात्र त्यानं उघडंच धरलेलं.

शेवटी मीच म्हणालो, "आत ये नाहीतर जा. ऊब जातेय."

तो गेला.