एका फाइलीचे सात तुकडे

"साखर एका वाटीत, चमचे दुसऱ्या वाटीत. उद्या कॉफीवरचा फेसही वेगळा काढून ठेवील ही बया!" नजेत शेजारच्या रिधाच्या कानाशी पुटपुटली.

बया म्हणजे गुफ्रान. नुकतीच कामाला लागलेली, आणि आज ट्यूनिसच्या त्या ऑफिसातली सगळी माणसं तिच्याच खुर्चीमागे गोळा झालेली.

इथे विम्याच्या कामाचं मॉडेल आखायचं आणि त्यावरून कोड मशीननं लिहायचा, अशी रीत. कुठला कोड कुठल्या फोल्डरात टाकायचा, कशाला हात लावायचा नाही, हे मशीनला सांगणारी एकच लांबलचक फाइल होती. ती नजेतची. हरिस्साच्या तिखट चटणीच्या बरणीसारखी तिनं ती जपली होती, कुणाचा ओला चमचा म्हणून लागू दिला नाही. गुफ्राननं तिचे सात तुकडे केले आणि प्रत्येकाला साजेसं नाव दिलं.

"वाचलं की कळतं हो!" साहेब, सी हेदी, खूश होऊन म्हणाले.

नजेतला मिरच्या झोंबल्या. तिला इतक्या वर्षांत काय मिळालं? 'चालतंय ना? मग झालं.'

तिनं पडद्यावर नजर टाकली आणि चूक लगेच दिसली. कोड लिहिण्याआधी फोल्डर साफ करायचा, असं एका तुकड्यात होतं. पण हातानं लिहिलेल्या फाइलींना वगळा, ही तिची ओळ तुकडे करताना गळली होती. त्याच फोल्डरात गुफ्राननं आठवडाभर खपून हातानं लिहिलेला हिशेबाचा कोड होता, अजून सर्व्हरवर न चढवलेला, म्हणजे दुसरी प्रतच नाही.

जाऊ दे पुसलं तर. रडू दे जरा. कळेल तरी.

"लल्ला नजेत, कोड लिहायचं बटण तुम्हीच दाबा ना," गुफ्रान खुर्चीवरून उठत म्हणाली. इथे थोरल्या बाईला मानानं लल्ला म्हणतात. "मूळ घडी तुमचीच आहे. मी नुसती उलगडली."

नजेत बसली. बोट बटणावर गेलं आणि तिथंच अडलं. पोरीनं तिच्यासाठी खुर्ची पुसूनसुद्धा दिली होती, मेलीनं.

"तुझं हातचं काम पुसलं जाईल," ती अखेर म्हणाली. "वगळायची ओळ राहिलीय बघ."

गुफ्रानचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. तेवढ्यानं नजेतला जोर चढला.

"माझ्या फाइलीत असं कधी झालं नसतं!"

सी हेदी खिडकीबाहेर बघू लागले. शेवटी रिधानंच कप खाली ठेवला.

"नसतंच झालं, लल्ला. तुझ्या फाइलीला हात लावायची आमची छातीच नव्हती. तू आईच्या आजारपणात गावी गेलीस ना, तेव्हा आम्ही सगळे नुसते बसून होतो."