चौकोनी डोक्याची स्टिक

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त ह्यांना माहीत नव्हतं. किटलीची शिट्टी ऐकू येईना तेव्हा ह्यांनी किटली बदलली. नवीही वाजेना, तेव्हा दुकानदाराला चार शब्द सुनावून आले. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, हे त्यांचं ठाम मत. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "आधी लोकांच्या जिभा दाखवा त्याला."

घरामागच्या शेडमध्ये त्यांची सगळी उमेद गोल्फच्या स्टिक्स दुरुस्त करण्यात गेली. मैदान रस्त्यापलीकडेच. वाकलेली दांडी सरळ करायची, झिजलेली मूठ बदलायची, डोक्याची कड ग्राइंडरवर घासून नीट करायची. त्या ग्राइंडरनेच कान खाल्ले. कानात बोळे घाला म्हणून सांगून सांगून माझी जीभ झिजली. पण लोखंड चाकाला कसं लागतंय ते ऐकल्याशिवाय म्हणे हात चालत नाही. खेळाडू त्यांना उस्ताद म्हणायचे, आणि त्या एका शब्दावर हा माणूस जेवणखाण विसरून राबायचा.

मग एक दिवस स्वतःची स्टिक बनवायचं मनाने घेतलं. पहिल्या लांब टोल्याला वापरतात ती. डोकं मोठं, आतून पोकळ, आणि गोल सोडून चक्क चौकोनी. वजन कोपऱ्यांकडे गेलं की फटका जरा चुकला तरी डोकं हातात वळत नाही आणि चेंडू सरळ जातो, हा त्यांचा हिशेब. "नवख्यांसाठी आहे गं," म्हणायचे. "बिचारे अर्धा दिवस झाडीत चेंडू शोधत फिरतात." आणि हिशेब चुकला नव्हता, एवढं मी इथेच सांगून ठेवते.

अंगणात जाळी बांधून त्यांनी पहिला टोला मारला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. रिकामा पत्र्याचा डबा जिन्यावरून गडगडत यावा तसा आवाज झाला. शेजारणीने खिडकी उघडून बघितलं. मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, "अहो, काय हा आवाज." हे हसले. "तुला माझ्या कुठल्या कामाचा आवाज आवडलाय आजवर?" तेही खरंच होतं. ग्राइंडरवरून मी लग्न झाल्यापासून कुरकुरत आले होते, त्यांनी ही कुरकुर त्यातच जमा केली. आणि मला तरी गोल्फमधलं काय कळतं? म्हटलं, असेल बाई या स्टिकचा आवाज असाच.

एक खेप बनवून मैदानावरच्या दुकानात ठेवली. उस्तादांची स्टिक म्हणून लोकांनी हौसेने नेल्या, आणि आठवडाभरात एकेक जण मान खाली घालून परत द्यायला आला. एक म्हणाला, मूठ जाड आहे. ह्यांनी मूठ बारीक केली. दुसरा म्हणाला, रंग डोळ्यावर येतो. रंग बदलला. तिसऱ्याला कोपरे खटकत होते, तर कोपरे घासून गोलसर केले. स्टिक्स पुन्हा गेल्या आणि पुन्हा परत आल्या. हे शेडमध्येच जेवायला लागले. घास हातात धरून भिंतीला टेकलेल्या त्या स्टिक्सकडे बघत बसायचे.

"काहीतरी माझंच चुकतंय," म्हणायचे. "लोक सांगतात ते सगळं काढतो मी, तरी मूळ हाताला लागत नाही."

शेवटी त्यांनी मैदानावर खेळ शिकवणाऱ्या मास्तरांना गळ घातली, की सुट्टीच्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हीच ही स्टिक मारून दाखवा. मास्तर आढेवेढे घेत होते, पण ह्यांच्यापुढे कुणाचं चाललंय? इस्त्रीचा शर्ट घातला, मलाही सोबत नेलं. लग्नाला निघाल्यासारखे पुढे पुढे चालत होते.

मास्तरांनी टोला मारला. चेंडू सरळ सुतात गेला. आणि तो डबा गडगडला, मोकळ्या मैदानावर अंगणातल्यापेक्षा मोठ्याने. पलीकडे नेम धरून उभा असलेला एक जण दचकला. कुणीतरी म्हणालं, "स्वयंपाकघर कोसळलं का रे?" मग जो हशा पिकला तो काही केल्या थांबेना. मास्तरांनी दुसरा टोला मारला तसे लोक पोट धरून हसायला लागले. मूठ जाड आहे म्हणणारा त्यात होता, कोपरेवालाही होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुझी वस्तू कानाला वाईट लागते, हे ज्याला ऐकू येत नाही त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून या भल्या माणसांनी मूठ, रंग, कोपरे असलं काहीबाही पुढे केलं होतं. आणि माझा नवरा त्या खोट्या दोषांपायी जीव आटवत होता. भलेपणाचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता. तीच स्टिक घेऊन एकेकाची पाठ शेकावी असं वाटलं.

हे चेंडूकडे बघत होते. चेंडू थांबल्यावर मागे वळले, तर समोर सगळे हसरे चेहरे. ह्यांचा चेहरा असा फुलला की बास. पसंत पडली, असं वाटलं त्यांना. त्यांनी हात उंच करून सगळ्यांना हलवला. हसू एकदम बंद झालं. मास्तर काहीतरी उचलायचं निमित्त करून खाली वाकले.

घरी येताना रस्ताभर बोलत होते. "बघितलंस किती खूश झाले ते? म्हणजे कोपरेच नडत होते." शेडमध्ये शिरल्या शिरल्या नव्या खेपेसाठी साचे काढायला लागले. आता मोठी खेप बनवायची, दुरुस्तीची कामं सगळी बंद. तेव्हा मात्र मला गप्प राहवेना.

असलं काही माणूस पाठीवर हात ठेवून हळू आवाजात सांगतो. माझ्या नशिबी ती सोय नव्हती. मी दार लावून घेतलं.

"स्टिकचा आवाज वाईट आहे," मी म्हटलं.

"काय?"

"आवाज. तिचा आवाज वाईट आहे."

"कसला आवाज?"

"डब्यासारखा वाजतो," मी ओरडले. "सगळ्यांना ऐकू येतो. तुम्हाला ऐकू येत नाही हो."

बाहेर शेजारणीने तिची खिडकी हळूच लावून घेतली. ओरडता ओरडता मला रडू फुटलं होतं, आणि रडत रडतही ओरडावंच लागत होतं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीजवळची एक स्टिक घेतली, तिचं डोकं जबड्याच्या हाडाला टेकवलं आणि लहान हातोडीने ठोकून बघितलं. मग कानामागच्या हाडाला लावून ठोकलं. बराच वेळ ठोकत राहिले. हाडातून काहीतरी पोचलं असावं, कारण हात थांबला.

"हा?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"म्हणजे इतकी वर्षं मी ऐकून काम करतो असं जे मला..." ते कोपऱ्यातल्या ग्राइंडरकडे बघू लागले.

"आत कापूस भरला तर आवाज बसेल ना?" मी ओरडूनच विचारलं. वेड्यासारखंच होतं ते, पण दुसरं काही सुचेना.

"बसेल. पण आता उस्तादाची स्टिक म्हटली की हसतील."

ते स्टुलावर बसले. हातोडी मांडीवर होती. माझ्याकडे वर बघून म्हणाले, "मघाशी ते हसतच होते तर."

खोटं बोलायचं अगदी जिभेवर आलं होतं. "हो," मी म्हटलं.

"आणि मी त्यांना हात केला."

मी त्यांच्या मांडीवरची हातोडी उचलून बाजूला ठेवली.

"तुला तर ऐकू येत होतं सगळं," ते म्हणाले. "तू काय केलंस तेव्हा?"

"मीही हात केला," मी म्हटलं. "तुमच्या शेजारी उभी राहून."

हे मला ओरडून सांगावं लागलं नाही. ते माझ्या ओठांकडेच बघत होते.