पुढचे दोन पंखे

कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे कसे लावायचे, हे मी बावीस वर्षं लोकांना कानीकपाळी ओरडून सांगतोय. पुढून थंड हवा आत, मागून गरम हवा बाहेर. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असतं, त्या बाजूने वारा निघतो. एवढं सोपं, तरी माणसं चुकतात आणि मशीन उचलून माझ्या दुकानात येतात. मग मी त्यांना चार शब्द ऐकवतो. ऐकवायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

माझ्या दादाला घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याआधी दीड हजार वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा, त्यावरून कॉम्प्युटर तुमच्याच आवाजात बोलायला शिकेल. दादाने एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेली. शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारं पोरही त्याच्या आवाजाने ताठ व्हायचं. वहिनी म्हणाली, भावोजी, काय वाट्टेल ते करा, पण हा आवाज घरात राहिला पाहिजे.

मी दादाच्या घरीच मशीन बांधायला घेतलं. माइकमध्ये घरघर येऊ नये म्हणून मोठे, सावकाश फिरणारे पंखे आणले. दादा शेजारी खुर्ची ओढून बसला. मलाही काहीतरी करू दे, म्हणाला, नुसतं आजारी म्हणून बसून वीट आलाय. पुढचे दोन पंखे त्याच्या हातात दिले आणि मी चहा प्यायला आत गेलो.

परत आलो तर आठही स्क्रू नीट पिळलेले, आणि स्टिकरची बाजू बाहेर. नाव वाचता आलं पाहिजे ना, म्हणाला. अख्खा जन्म पोरांकडून वह्यांवर नावं घालून घेण्यात गेलेला माणूस तो. मी मशीन चालू करून जाळीसमोर टिश्यूची पट्टी धरली. ती जाळीला चिकटायला हवी होती, ती माझ्याकडे उडाली. मागचा पंखाही बाहेर फेकणारा, म्हणजे हवा आत घेणारं कुणीच नाही.

गिऱ्हाईक असतं तर तिथेच पाणउतारा केला असता. पण कितीतरी दिवसांनी दादाचा चेहरा खुलला होता.

"जमलं की नाही?" त्याने विचारलं.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो.

म्हटलं, रविवारी येऊन गुपचूप फिरवून टाकू, दहा मिनिटांचं तर काम. त्या रविवारी एका ऑफिसची पाच मशीनं येऊन पडली. पुढच्या रविवारी दादाची वाक्यं संपत आली होती, मध्येच डबा कुठे उघडायचा. मग ऑपरेशनची धावपळ. इकडे तो आवाज शिकायला मशीन रात्रंदिवस राबत होतं, आणि आतली सगळी धग पुढच्या पंख्यांमागच्या डिस्कवरून ओढली जात होती; दादाची वाक्यं आणि शिकलेला आवाज, सगळं त्याच डिस्कवर. दुसरी प्रत काढली का, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो. घरच्या माणसाला विचारलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

दादा घरी आला त्या दिवशी डिस्क खटखट वाजत होती. हात लावला तर चटका बसला. डेटा काढून देणाऱ्या दोघांकडे नेली, दोघांनीही नकारार्थी मान हलवली. तापून गेली, पंख्यांचं काहीतरी चुकलं असेल, म्हणाले; मी घरी तेवढंच सांगितलं. दीड हजार वाक्यं गेली, आणि ती पुन्हा म्हणायला गळा उरला नव्हता. मला स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

दादाने वहीवर लिहून विचारलं, पंखे मी लावले म्हणून का?

"मला त्याच दिवशी कळलं होतं, दादा," मी म्हणालो. "उलटे लागले होते. मी बोललो नाही."

त्याने एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. त्याने पेन उचललं. लिहिलं, हिला सांगू नकोस. मग पान फाडून खिशात घातलं.

तेवढ्यात वहिनी आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये हात घालायला?" ती दादाला म्हणाली. "भावोजी करत होते ना नीट?"

दादाने मान डोलावली. मी तिथेच उभा होतो.

आता मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. वहिनी मला आग्रह करकरून वाढते आणि वाढता वाढता त्याला तेच बोलत राहते. तो खाली बघून मान डोलावतो, आणि मी जेवतो.