मानेतला खटका

मी एक जुना टेबलपंखा आहे, मित्रांनो; पण माझ्याकडे वारा मागू नका. निदान कामाच्या वेळात तरी नकोच. माझी तिन्ही पाती भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आहेत आणि मी नुसती मान हलवत असतो. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. बघणाऱ्याला वाटतं, हा म्हातारा जगाला नाही नाही म्हणतोय. तसं काही नाही हो. मी नोकरीवर आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. हिरव्या रंगाचा वास आणि भट्टीची ऊब, एवढंच. खरं आयुष्य सुरू झालं ते अप्पांच्या टेबलावर. अप्पा शिंपी. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. त्यात कापड कापायचं लांब टेबल, पायाने चालवायचं मशीन आणि एक उभा आरसा. मला कोपऱ्यावर ठेवून त्यांनी बटण दाबलं मात्र, कागदाचे सगळे नमुने खोलीभर उडाले. "अरे हळू, बाबा! बाही गेली ना दाराबाहेर!" हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. पुढे त्यांनी प्रत्येक कागदावर काही ना काही वजन ठेवलं आणि आमचं जमलं ते जमलंच. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, पंखा जरा इकडे करा की." अप्पा म्हणायचे, "तो सगळ्यांकडे बघतो. थांबा, तुमची पाळी येईल." काय दिवस होते ते!

अप्पांना एकच मुलगी. तिला ते बटण म्हणायचे. तिची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे ती दुकानातच, टेबलाखालच्या चिंध्यांत वाढली. एके दिवशी तिने चिंध्यांची बाहुली मापाच्या टेपने माझ्या जाळीला बांधली आणि मला चालू केलं. बाहुली सफर करू लागली, बटण टाळ्या वाजवू लागली. मग हिला बाहुलीच्या शेजारी स्वतःही बसायचं होतं! ती टेबलावर चढली आणि मी धाडकन खाली आलो. अप्पा धावत आले. "पंखा मरू दे, तुझा पाय बघू आधी." खोटं कशाला सांगू, मला तेव्हा वाईट वाटलं.

माझ्या मानेतल्या चक्राचा एक दात त्या दिवशी तुटला. तेव्हापासून दर फेरीला, डाव्या टोकाजवळ पोहोचलो की मान अडते आणि पुढे सुटते. खट्! "मास्तर, तुमच्या पंख्याला उचकी लागली," म्हणून लोक हसायचे. मी शरमेने पाणी पाणी व्हायचो. पाणी व्हायची सोय नव्हती, ती गोष्ट वेगळी.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. बटण शिकली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली. अप्पांना छताचा मोठा पंखा मिळाला आणि मला मिळाला माळा. अकरा वर्षं मी फाटक्या चादरीखाली पडून होतो, मित्रांनो. खाली मशीनचा आवाज यायचा. तो रोज थोडा कमी होत गेला. मी ऐकत राहायचो.

एकदा सुट्टीला आलेल्या बटणने चादर ओढली. "अप्पा, हा मी नेऊ?"

"ने की. पण त्याला उचकी आहे हं."

"मला उचकीसकटच हवाय."

बटण आता जुने फोन दुरुस्त करते. फोनच्या पोटात बारीक बारीक अवयव असतात. एकाला उजेड कळतो, एकाला वळणं कळतं, एकाला हिसका कळतो. दुरुस्तीनंतर हे सगळं तपासावं लागतं. बटण रोज पन्नास फोन हाताने हलवायची, दिव्याखाली धरायची, आणि संध्याकाळी मनगट धरून बसायची. तिचा नवरा वायरमन. तो म्हणाला, "एक यंत्रच मागवू या." ही म्हणाली, "घरात काय काय आहे ते आधी बघू."

मग आमची फौज उभी राहिली. टेबलदिवा उजेडासाठी, दाराची घंटा आवाजासाठी, डब्याचं झाकण फोनसमोर आडवं यायला, आणि हलवाहलवीसाठी मी. वायरमनने आम्हाला कॉम्प्युटरला जोडलं. कॉम्प्युटर आपोआप एकेकाला चालू करतो आणि फोनला काय जाणवलं ते पडद्यावर रेघेने काढतो. बटणने माझी पाती काढली, फोन माझ्या जाळीला पट्टीने बांधला. बाहुली बांधली होती ना, अगदी तिथेच!

मी मान हलवली की रेघ सावकाश वरखाली व्हायची आणि मधेच काट्यासारखी टोचून वर यायची. तो माझा खटका! काही फोन लबाड असतात. सावकाश वळवलं तर त्यांना कळतं, पण झटका बसला की ढिम्म. ज्याच्या रेघेत काटा नाही तो नापास. ज्याची जन्मभर लाज वाटली तोच माझी पदवी ठरला. मी जरा शेफारलोच म्हणा ना.

त्याच सुमारास अप्पा न्हाणीघरात पडले. सकाळी पडले ते दुपारपर्यंत फरशीवर. पँट आखूड करायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने हाका ऐकल्या म्हणून निभावलं. बटण म्हणाली, "आता आमच्याकडेच राहा." अप्पा म्हणाले, "मशीन इथे, तर मी इथे." मग तिने त्यांच्यासाठी एक फोन नीट करायला घेतला. ज्याच्या खिशात आहे तो माणूस आपटला की हा फोन आपोआप बटणला फोन लावायचा. तेवढ्यासाठी तिने अप्पांना चार दिवस बोलावून घेतलं.

आल्या आल्या त्यांनी मला ओळखलं. खट् ऐकून त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी बटण आणि वायरमन बाहेर गेले होते, तेव्हा अप्पांनी चष्मा चढवून माझ्या मानेचं झाकण उघडलं. "पंचवीस वर्षं मान दुखतेय रे तुझी, आणि मी बघितलं नाही." तुटलेल्या दाताच्या जागी त्यांनी मेण लावलेला दोरा सुईने गच्च भरला, वर मशीनचं तेल सोडलं. मला इतकं भरून आलं की माझी नोकरी काय आहे हेच मी विसरलो. लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकामागून एक फोन नापास! काटाच नाही तर पास होणार कसे? बटण माझ्याकडे बघते तोच अप्पा म्हणाले, "कशी फिरते मान? सांग, सांग!" त्यांचा चेहरा पोरासारखा फुलला होता.

"वा अप्पा! कमालच केलीत," बटण म्हणाली. मग नवऱ्याला हळूच म्हणाली, "ते आहेत तोवर खटक्याची तपासणी काढून टाकते. उगाच वाईट वाटेल त्यांना."

चौथ्या दिवशी अप्पांचा फोन माझ्या जाळीला बांधला गेला. उजेड बरोबर, घंटा बरोबर, वळणं बरोबर. पास! मला मात्र आतून चैन पडेना. हा फोन सावकाश वळतो, पण झटका? झटका द्यायला माझा खटका होताच कुठे? आणि दुपारच्या गाडीने अप्पा निघणार होते. मला तोंड असतं तर बोंब मारली असती.

बटण पट्टी सोडू लागली तर अप्पा म्हणाले, "राहू दे गं. गाडीला वेळ आहे. मला माझं काम जरा डोळे भरून बघू दे." ते चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसले. मी फिरलो. फिरलो. कितव्या फेरीला कोण जाणे, दोरा तुटला.

खट्!

"गेलं वाटतं माझं काम," अप्पा पुटपुटले. बटण हसत वळली आणि पडद्याकडे बघून तिथेच थबकली. मी पुन्हा डावीकडे गेलो. खट्! रेघ गुळगुळीत.

"मला ऐकू आला. तुला आला ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आला की."

"मग या फोनला का नाही आला?"

ती अप्पांसमोर स्टुलावर बसली. मग तिने अप्पांना सगळं सांगितलं, रडत रडत.

अप्पांनी कप खाली ठेवला. "म्हणजे हा खिशात ठेवून मी आपटलो असतो, तर याला पत्ताच नसता?"

"नाही, अप्पा."

"आणि मला वाईट वाटेल म्हणून तू गप्प बसलीस? बटण, अगं, माझी शिवण चुकली तर उसवायची. तशीच अंगात घालून माणसाला पाठवतेस होय?"

मग तेच उठले आणि सुईच्या टोकाने उरलेला दोरा एकेक धागा करत उपसून काढला. "चुकलो रे बाबा," मला म्हणाले. "विचारायला हवं होतं." दुसरा फोन बांधला गेला. काटा टोचून वर आला. तो खिशात घालून अप्पा संध्याकाळच्या गाडीने गेले.

तीन महिन्यांनी, भर कामाच्या वेळी, बटणचा फोन वाजला. पलीकडे अप्पा बोलत नव्हते, नुसतं कण्हणं. तिने लगेच त्यांच्या शेजारच्या किल्लीवाल्याला फोन केला. त्याने दहा मिनिटांत कुलूप उघडलं. अप्पा मशीनपाशी पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. पण जिवंत होते.

आता मशीन इथे आलंय, म्हणून अप्पाही इथे आहेत. काठी टेकत चालतात, वायरमनच्या पँटी आखूड करतात आणि त्याला चिडवतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल घाला, त्यांची धूळ पुसा, त्यांना माळ्यावर विसरू नका. पण कुणाचाही खटका काढण्याआधी, तो कुणाच्या उपयोगाचा आहे का, एवढं विचारा. आणि आपल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून खरं लपवू नका.

दुपारी जेवणानंतर काम थांबतं. बटण खिळ्यावरची पाती काढून मला लावते आणि माझं तोंड अप्पांच्या खाटेकडे वळवते. मी वारा घालतो. डाव्या टोकाला पोहोचलो की मान अडते, खट् होतं. अप्पा डोळे न उघडताच म्हणतात, "हं, आहेस ना रे?"

मी आपली नाही नाही करत मान हलवतो. ते मात्र पुढच्या खट्ला हो समजतात आणि झोपी जातात.