वहिनींचं वजन

विंडसर्फिंगच्या, म्हणजे वाऱ्यावर पाण्यात चालवायच्या, शिडाच्या फळ्या भाड्याने देणाऱ्या किनाऱ्यावरच्या त्या शेडमध्ये गिऱ्हाईक आलं की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: वजन किती? नाव-गाव नंतर. वारा सगळ्यांना सारखाच, पण पन्नास किलोच्या आणि नव्वद किलोच्या माणसाला एकच शीड दिलं, तर एक जागचा हलत नाही आणि दुसरा पाण्यात जातो. कोणी लाजून दोन-चार किलो चोरले, तर मालक त्याला सरळ काट्यावर उभं करत.

फक्त वहिनींना त्यांनी विचारलं नव्हतं. मोठ्या भावाची बायको, त्यात दादाला जाऊन जेमतेम वर्ष झालेलं. तिला वजन विचारायचं? जीभच रेटली नाही. "ह्यांच्याच सामानावर शिकेन," असं वहिनी म्हणाल्या आणि मालकांनी बारा नॉटच्या मध्यम वाऱ्यात दादाला लागायचं तेच साडेसात चौरस मीटरचं मोठं शीड, तीच अरुंद फळी जोडून दिली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालले.

तीन आठवडे वहिनी नुसत्या पडत होत्या. शीड पाण्यातून उचलताना कंबर मोडायची आणि उचललं की वारा त्यांना शिडासकट पलीकडे आपटायचा. आज त्या ओल्या कपड्यांनिशी बाकावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भावजी, पुरे झालं. उद्या हे सगळं विकून टाका. ह्यांच्या जरा जवळ जाता येईल असं वाटलं होतं. माझ्या नशिबात नाही."

वहिनी फोड आलेले तळवे पुसत होत्या. त्यांची ती बारीक मनगटं बघता बघता मालकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि आपण किती गाढव आहोत तेही कळलं.

"वहिनी," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "वजन किती तुमचं?"

"एकोणपन्नास. का हो?"

"दादा ब्याण्णव होता."

वहिनींना हसू आवरेना. "एवढं विचारायला तीन आठवडे लागले?"

"तुम्हाला कसं विचारणार?"

मालकांनी चार चौरस मीटरचं छोटं शीड आणि शिकाऊ लोकांची रुंद फळी काढली. बांधाच्या आड, जिथे लाटा पोचत नाहीत, तिथे ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. वहिनी एकदा पडल्या. दुसऱ्यांदा शीड अलगद वर आलं, फळी सरकली आणि वहिनी उभ्याच राहिल्या. खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या लाल पिंपापर्यंत गेल्या, धडपडत वळल्या, परत आल्या.

"पंचवीस वर्षं काठावर टॉवेल घेऊन बसत होते मी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पाण्यातून बाहेर यायला ह्यांना एवढा उशीर का व्हायचा, ते आज कळलं."

मालकांनी पुढे होऊन फळी धरली.

"ह्यांचं शीड मात्र विकाच, भावजी. चांगल्या जाडजूड माणसाला द्या. लांबवर जाणारा बघा."

"बरं," मालक म्हणाले आणि तोंड धुवायचं निमित्त करून पाण्यात वाकले.